ऑल्टोचा क्लच घरच्या अंगणात बदलताना: कामाच्या नोंदी

गाडी: मारुती ऑल्टो एलएक्सआय, २००९ ची, ७९६ सीसी, पाच गिअर, केबलवर चालणारा क्लच. जागा: चिपळूण, घरापुढचं अंगण. ब्रेकचे पॅड, सस्पेन्शनचे बुश, रेडिएटर ही कामं घरी केलेली आहेत. गिअरबॉक्स मात्र पहिल्यांदाच उतरवतोय. गॅरेजमध्ये सगळं धरून साडेसात हजार सांगितले होते. २२ जुलै २०२१ च्या पुरात ही गाडी सीटच्या खालपर्यंत पाण्यात होती. तेव्हा इंजिन ऑईल, गिअर ऑईल, ब्रेक, वायरिंग सगळं पाहून झालं, पण गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्यामधली जागा कुणी उघडली नाही. आमच्याकडे अशा पुरातून निघालेल्या गाड्या गल्लोगल्ली आहेत. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी २७ एप्रिल आणि १ मेची नोंद नीट वाचावी.

१९ एप्रिल २०२५, शनिवार

मागच्या आठवड्यात कुंभार्ली घाट चढताना पोफळीच्या पुढे तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढायचा आणि गाडीचा वेग तिथेच राहायचा. करपल्याचा वास आत येत होता. या मॉडेलला आरपीएम दाखवणारा काटा नाही, त्यामुळे कानावरच भरवसा.

आज घरी खात्री करून घेतली. हँडब्रेक पूर्ण ओढला, चौथा गिअर टाकला, थोडा रेस देऊन क्लच सोडला. क्लच चांगला असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं. आमचं चालूच राहिलं. ही चाचणी एकदाच करा. त्यात प्लेट आणखी जळते.

मग केबलकडे गेलो. गिअरबॉक्सच्या टोकाला केबल ताणायचा नट असतो, तो आट्यांच्या शेवटाला पोचलेला. पेडलला मोकळी चाल अजिबात नाही. प्लेट झिजली की अशा क्लचमध्ये मोकळी चाल कमी होत जाते, म्हणून "प्लेट संपली" हा निष्कर्ष सोपा होता. पण केबल सोडवून बाहेरचा आर्म (केबल ज्याला ओढते ती पट्टी) हाताने हलवून पाहिला तर तो जिथे नेला तिथेच थांबला. स्प्रिंगने परत यायला हवा होता. पेडल गेलं वर्षभर जड लागत होतं त्याचं उत्तर इथे असावं असं वाटतंय. गाडी उघडायच्या आधी ही केबल सोडवायची दोन मिनिटांची तपासणी जरूर करा. कोणते पार्ट आणायचे ते त्यावरून ठरतं.

२० एप्रिल, रविवार

पार्ट. नुसती प्लेट घ्यायची नाही हे पक्कं होतं. प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट ३,१५० रुपये. केबल ३८०. एक्सलचे दोन्ही ऑईल सील २६०. गिअर ऑईल दोन लिटर ८२०. ब्रेक क्लीनर, ग्रीस आणि पॉलिश पेपर मिळून ४५०. जॅक स्टँडची जोडी १,६५०. हा खर्च टाळू नका.

रिलीज शाफ्टचे (बाहेरचा आर्म ज्याच्या टोकाला बसतो त्या दांड्याचे) बुश आणि त्याचं छोटं सील चिपळुणात मिळालं नाही. दुकानदार म्हणाले, "ते कोणी मागतच नाही हो." कराडहून मागवले, २४० रुपये. यायला पुढचा आठवडा लागणार, तोवर खोलायचं काम करून घेऊ.

ऑल्टोमध्ये वर्षागणिक पार्ट बदललेत, त्यामुळे चेसिस नंबर सांगूनच मागा. आणि नवीन प्लेट बसवायच्या आधी जुनी-नवी प्लेट एकावर एक ठेवून व्यास आणि मधले दाते जुळतात का ते पाहा.

२६ एप्रिल, शनिवार

अंगण जांभ्याच्या चिऱ्यांचं आहे आणि सपाट नाही. स्टँडखाली जाड प्लायवूडचे तुकडे घातले. कोकणात गाडीला टेकू म्हणून सर्रास चिरा लावतात. कृपा करून लावू नका. जांभा दाबाखाली कोणतीही सूचना न देता फुटतो. गाडी स्टँडवर बसल्यावर चारी बाजूंनी जोरात हलवून पाहिली, मगच खाली शिरलो. काढलेली चाकंही गाडीच्या दाराखालच्या उंबऱ्याखाली आडवी सरकवून ठेवली.

सकाळचं काम भराभर झालं: बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स स्विचची वायर, क्लच केबल, सेल्फ, गिअर लिव्हरकडून येणारे दोन्ही रॉड. गिअर ऑईल काढलं. काळं होतं पण पाणी नव्हतं. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचं ढोबळ चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवला. जोडताना याचा फार उपयोग होतो.

दुपारनंतर सगळा वेळ एका बोल्टने खाल्ला. एक्सल बाहेर काढायला सस्पेन्शनच्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट नकलमधून (चाक धरणाऱ्या भागातून) सुटावा लागतो आणि त्याला आडवा एक बोल्ट असतो. इकडच्या खाऱ्या हवेत सोळा वर्षं बसलेला. रिंग पान्याला नळी लावून जोर दिला तर पाना बोल्टच्या कडा खाऊ लागला. शेजारचे नाना एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, ते कुंपणापाशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "अरे, सोडवायच्या दिशेलाच का मागे लागलायस? आधी थोडा आवळ. हलला की मग सोडव."

तेच केलं. गंज सोडवायचं तेल मारलं, डोक्यावर हातोडीचे सरळ ठोके दिले, आधी आवळायच्या दिशेला केसभर हलवला, मग उलट, परत तेल. प्रत्येक फेरीला थोडा जास्त फिरत गेला. अंधार पडायच्या सुमाराला निघाला. गॅस टॉर्चचा मोह इथे होतो, पण शेजारीच बॉल जॉइंटचं रबर आहे. ते जळलं की जॉइंटही बदलावा लागतो. बोल्ट नवीन घेतला, ६० रुपये.

२७ एप्रिल, रविवार

एक्सल. आतल्या टोकाला एक सर्क्लिप (स्प्रिंगसारखी उघडी कडी) असते, तिच्यामुळे एक्सल गिअरबॉक्समध्ये अडकून बसतो. जॉइंटचा डबा आणि गिअरबॉक्स यांच्या फटीत टॉमी (लोखंडी दांडा) घालून छोटा, झटक्याचा दाब द्यायचा. चाकाच्या बाजूने एक्सल धरून ओढायचा नाही. तसं केलं तर आतला जॉइंटच सुटा होतो आणि बुटातलं ग्रीस, रोलर सगळं हातात येतं. डावा लगेच निघाला. उजवा हलेना. एक्सल पाव फेरी फिरवून पुन्हा झटका, पुन्हा पाव फेरी, असं करत गेल्यावर एका ठिकाणी सर्क्लिपचं तोंड योग्य जागी आलं असावं, टक्कन सुटला. जोर तेवढाच होता, जागा बदलली होती.

गिअरबॉक्स सुटण्याआधी इंजिनाला आधार हवा. ऑईल पॅनखाली लाकडी फळी ठेवून त्याखाली जॅक. नुसता जॅक पॅनला लावला तर पत्रा दबतो. मग डावं आणि मागचं माउंटिंग सोडवलं, बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या, क्लच झाकणाऱ्या कवचाचे) बोल्ट काढले, आणि मी खालून, चुलत भावाने वरून धरून गिअरबॉक्स सरळ रेषेत मागे ओढला. खाली गोधडीवर घेतला. एकट्याने हे करू नका.

आत जे दिसलं त्यासाठी ही नोंद लिहितोय. बेलहाउसिंगच्या तळाशी बोटभर जाडीचा, वाळून कडक झालेला गाळ होता. वाशिष्ठी नदीचा तो पिवळट मातकट रंग चिपळूणकरांना ओळखायला सांगावं लागत नाही. रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती नळी गंजलेली, बेअरिंग हातात फिरवलं तर खरखरतंय. रिलीज शाफ्टच्या दोन्ही टोकांना गाळ आणि गंज मिळून सिमेंट झालेलं.

आणि प्लेट? तिच्यावर माल (घासला जाणारा थर) शिल्लक होता. रिव्हेटचं डोकं मालाच्या पृष्ठभागापासून किती खोल आहे ते मोजतात. अर्धा मिलिमीटर राहिला की प्लेट बाद. माझ्या प्लेटवर त्याहून बरंच जास्त होतं. म्हणजे ती झिजून संपलेली नव्हती. चकाकत होती, करपून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चाकावर, निळे डाग.

क्रम असा लागतो. पुराच्या गाळाने रिलीज शाफ्ट जड झाला. पेडल दाबल्यावर क्लच पूर्ण सुटेना, गिअर कुरकुरायला लागले, म्हणून केबल ताणली गेली. आणखी कुरकुर, आणखी ताण. मोकळी चाल संपली आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरवर (मधल्या स्प्रिंगच्या पात्यांवर) कायम टेकून राहिलं, म्हणजे पाय पेडलवर ठेवून गाडी चालवल्यासारखंच. प्लेटवरचा दाब कमी पडला, घाटात ती घसरली आणि करपली. नुसती प्लेट बदलून गाडी पुन्हा जोडली असती तर नवीन प्लेटचीही तीच गत झाली असती.

आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या प्लेटच्या मालात ॲस्बेस्टॉस असू शकतो. तोंडाला मास्क बांधून, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकलं.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. कराडचे बुश काल हातात पडले.

आज फक्त रिलीज शाफ्ट. बाहेरचा आर्म काढण्याआधी शाफ्टवर आणि आर्मवर पंचने समोरासमोर खूण केली. आर्म एक दाता जरी पुढे-मागे बसला तरी केबलची सगळी मापं चुकतात. शाफ्ट निघता निघेना. वरून ठोकायचं तर ॲल्युमिनियमचं बेलहाउसिंग फुटायची भीती. मग गरम पाणी ओतून गाळ भिजवत, टोकदार तारेने कोरत, शाफ्ट हाताने वर-खाली फिरवत राहिलो. गाळ सुटल्यावर गंजाचं तेल आत शिरायला वाट मिळाली आणि दुपारी शाफ्ट बाहेर आला. आतलं बुश जागेवरच राहिलं. त्याला हॅकसॉच्या नुसत्या पात्याने आतून एक चीर दिली, बाहेरच्या धातूला पातं लागणार नाही इतपतच, आणि ते आक्रसल्यावर पंचने बाहेर ढकललं.

शाफ्ट बारीक पॉलिश पेपरने घासला. नवीन बुश बसवताना त्याच मापाचा सॉकेट टेकवून हलके ठोके दिले. ग्रीस लावून शाफ्ट घातला, स्प्रिंग अडकवली, आर्म खुणेवर बसवला. बोटाने ढकलून सोडला की आता तो स्वतःच झटकन परत येतो. कितीतरी वेळ तेच करत बसलो होतो. या कामातला माझ्या दृष्टीने सगळ्यात समाधानाचा भाग हा.

बेअरिंगची नळीही घासून गुळगुळीत केली. तिच्यावर ग्रीसचा अगदी पातळ हात.

३ मे, शनिवार

फ्लायव्हीलला नखाने तपासून पाहिलं, चीर कुठे लागत नाही. निळे डाग वरवरचे होते. पॉलिश पेपर गोलाकार न फिरवता आडवा-तिडवा मारला, ब्रेक क्लीनरने पुसलं, आणि त्यानंतर त्यावर उघडं बोट लागू दिलं नाही. मागचं क्रँक ऑईल सील कोरडं होतं, त्याला हात लावला नाही. ते ओलं असतं तर याच वेळी बदलावं लागलं असतं. फ्लायव्हीलच्या मध्यातलं छोटं बेअरिंग बोट घालून फिरवून पाहिलं, ठीक आहे.

प्लेटला बाजू असते. स्प्रिंगचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे. उलटी बसवली तर सगळं जोडून झाल्यावरच कळतं. प्लेट बरोबर मध्यावर धरायला विकतचं अवजार मिळतं. मी लाकडी दांडक्यावर चिकटपट्टी गुंडाळत माप जुळवलं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. एकदम एकच बाजू आवळली तर तिचा पत्रा वाकतो. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या दात्यांना ग्रीस नखभरच. जास्त झालं की फिरताना उडून प्लेटवर जातं.

मग गिअरबॉक्स चढवायला घेतला आणि संध्याकाळ त्यातच गेली. सगळा आत जातो आणि शेवटची इंचभर फट उरते. मागे घेऊन पुन्हा, तेच. भाऊ म्हणाला, "दादा, बोल्ट लावून ओढून घेऊया ना." या टप्प्यावर प्रत्येकाला हाच विचार सुचतो आणि इथेच नव्या प्लेटचा मध्य वाकतो किंवा गिअरबॉक्सचा कान तुटतो. बोल्ट हे ओढायला नसतात. हाताने पूर्ण बसला पाहिजे, मग बोल्ट. गिअरबॉक्स खाली घेऊन दिवस संपवला.

४ मे, रविवार

सकाळी उजेडात पाहिलं तेव्हा कारण दिसलं. रात्रीतून जॅक थोडा बसला होता आणि काल दिवसभरातही हळूहळू बसतच असणार. इंजिन मागे झुकलेलं. गिअरबॉक्स टेकवल्यावर फट वर बारीक आणि खाली मोठी होती. ही फट चारी बाजूंनी सारखी आली पाहिजे, एवढं एकच पाहायचं असतं.

जॅक बदलला, इंजिन हवं तेवढं उचललं. प्रेशर प्लेट सैल करून दांडकं घालून प्लेटचा मध्य पुन्हा घेतला. जुन्या दोन लांब बोल्टांची डोकी कापून ते इंजिनाच्या भोकांत बसवले, म्हणजे गिअरबॉक्स त्यांच्यावरून सरकत सरळ येतो. गिअर टाकून ठेवला आणि भाऊ समोरून क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने सावकाश फिरवत राहिला. दाते जुळले आणि गिअरबॉक्स हलक्या ढकलीने इंजिनाला जाऊन चिकटला. काल त्याच्याशी जी झटापट झाली ती सगळी कोनामुळे होती.

पुढे माउंटिंग, रॉड, सेल्फ, नवीन एक्सल सील, एक्सल. एक्सल आत गेल्यावर सर्क्लिपचा टक् आवाज यायलाच हवा. त्यानंतर ओढून पाहा, बाहेर येता कामा नये. बॉल जॉइंटचा नवीन बोल्ट. गिअर ऑईल गाडी सपाट उभी करून, भोकातून बाहेर ओघळेपर्यंत.

नवीन केबल लावून पेडलला दोन बोटांची मोकळी चाल ठेवली. इंजिन चालू केलं, क्लच दाबला, रिव्हर्स टाकला: कुरकुर. चाल जास्त झाली होती. नट थोडा थोडा आवळत, दर वेळी रिव्हर्स टाकून पाहत, बोटभरावर आणल्यावर आवाजाशिवाय गिअर पडला. हँडब्रेक ओढून चौथ्या गिअरमध्ये क्लच सोडला, इंजिन जागच्या जागी बंद पडलं.

१० मे, शनिवार

आठवडाभर गावातच चालवली, नवीन प्लेट बसायला वेळ लागतो. पहिल्या गिअरमध्ये निघताना सुरुवातीला थरथर होती, ती आता गेली. पेडल इतकं हलकं झालंय की घरातली सगळी मंडळी एकेकदा दाबून पाहून गेली.

मात्र उजव्या बाजूला अंगणात तेलाचे थेंब दिसले. एक्सल आत जाताना सीलच्या रबरी ओठावर दाते घासले आणि तो कापला. पुन्हा चाक, बॉल जॉइंट, एक्सल. या वेळी बोल्ट नवीन होता, म्हणून काम दुपारच्या जेवणाआधी आटोपलं. सीलच्या ओठाला आधी ग्रीस लावलं आणि भावाने बाहेरचं टोक उचलून धरलं, म्हणजे एक्सल सीलवर न टेकता मध्यातून जातो. सील १३०, वरचं तेल एक लिटर ४१०.

एकूण खर्च ७,५५० रुपये, त्यात १,६५० चे स्टँड घरात राहतील. गॅरेजच्या आकड्याशी जवळपास बरोबरी. पण त्या आकड्यात रिलीज शाफ्टचे बुश धरलेले नव्हते, आणि या गाडीला गरज त्यांचीच होती.

१७ मे, शनिवार

पोफळीहून हेळवाकपर्यंत घाट चढून आलो, घरचे चौघे आणि डिकीत सामान. तिसऱ्या गिअरमध्ये वळणावरून बाहेर पडताना रेस दिला की गाडी लगेच उचलते. वास नाही. वर थांबून पेडलची चाल पाहिली, बोटभर आहे तशीच. परत आल्यावर खाली वाकून दोन्ही एक्सल पाहिले, कोरडे.

नानांच्या पुतण्याची ऑल्टोही त्याच पुरात होती आणि तिचंही पेडल जड आहे. उद्या तिची केबल सोडवून आर्म परत येतो का ते बघायचंय. आला नाही तर कराडला बुशचा फोन आधी, गाडी नंतर उचलायची.